पीएच.डी. झाली, पुढे काय?

विंचूरच्या पुढे येवला लागते. तेथेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती आम्ही दरवर्षी स्मरतो. पण त्याच बाबासाहेबांनी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव दाखल केले होते, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

आज विंचूर-निफाडसारख्या ग्रामीण भागातील आपली मुले विज्ञानात एम.एस्सी. होतात. बार्टीची किंवा केंद्राची फेलोशिप मिळवून पीएच.डी.पर्यंत पोहोचतात आणि तेथेच गाडी अडते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी आहे, त्यापुढच्या संशोधनासाठी नाही. मग डॉक्टर झालेल्या मुलाने काय करायचे? तासिका तत्त्वावर राबायचे?

जर्मनीत पोस्ट-डॉक ही पगारी नोकरी आहे. माक्स प्लांक, हेल्महोल्ट्झ, लायबनिट्झ या संस्था आपल्या जागांच्या जाहिराती स्वतः देतात आणि पगार सार्वजनिक सेवेच्या वेतनश्रेणीने मिळतो. हुम्बोल्ट प्रतिष्ठानच्या पोस्ट-डॉक फेलोशिपला विषयाचे बंधन नाही, देशाचा कोटा नाही. पीएच.डी. होऊन फार तर चार वर्षे झालेली असावीत. ऱ्हाइनकाठी गायझेनहाइमला तर द्राक्ष व वाइनच्या संशोधनासाठी नावाजलेले विद्यापीठच आहे. विंचूरला वाइन पार्क आले. त्यात आपला वाटा द्राक्षे तोडण्यापुरताच राहावा काय?

मग अडते कुठे? हुम्बोल्टच्या अर्जाला तेथील यजमान प्राध्यापकाची संमती आणि शिफारसपत्रे लागतात. ज्याचा काका-मामा परदेशी प्रयोगशाळेत आहे, त्याला असे पत्र कसे लिहावे हे घरी जेवतानाच कळते. आमच्या मुलाला मात्र गाईडच्या मर्जीवर राहावे लागते. गुणवत्ता म्हणून जी मिरवली जाते, तिच्यात ओळखीचा वाटा किती, हे कोणी मोजत नाही. आरक्षण दारापर्यंत नेते. पुढचे दार ओळखीने उघडते.

जर्मनी म्हणजे स्वर्ग नव्हे. नोकरी मुदतीची असते आणि पीएच.डी.नंतर अशा करारांना कायद्याने साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे. २०२१ साली तेथल्याच तरुण संशोधकांनी या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. हे जाणूनच जावे. पण माहितीअभावी जाणेच राहून जावे, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रबंधाच्या शेवटच्या वर्षातच तयारीला लागावे. ज्या प्राध्यापकाला लिहायचे त्याचे ताजे शोधनिबंध वाचावेत. आपल्याला कोणते काम येते ते थोडक्यात, नेमके लिहावे. गाईडखेरीज आणखी दोन शिफारस देणारे आधीच जोडावेत.

आणि जे बांधव परदेशी प्रयोगशाळांत पोहोचले आहेत, त्यांनी वर्षाला एका तरी मुलाचा अर्ज तपासून द्यावा. १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला जाण्यासाठी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली होती. आज आम्ही कोणा महाराजांची वाट पाहायची नाही. जयंतीच्या वर्गणीइतकीच ही वर्गणीही समाजाची आहे, आणि ती पैशांत नाही, वेळेत द्यायची आहे.