ॲसिटिलीनचा आकडा म्हणजे नत्राचे वजन नव्हे

कडधान्याच्या पिकाने किंवा एखाद्या जिवाणू खताने हेक्टरी इतके किलो नत्र दिले, असा दावा वाचताना एक प्रश्न विचारायलाच हवा: हे नत्र मोजले कसे? मोजणी केवळ ॲसिटिलीन चाचणीने केली असेल, तर तो आकडा किलोत मांडू नये, असे माझे ठाम मत आहे. हवेतल्या नत्राचा अमोनिया करणारे जिवाणूंचे विकर म्हणजे नायट्रोजनेज. नत्राच्या रेणूत तिहेरी बंध असतो, तसाच ॲसिटिलीनच्या दोन कार्बन अणूंमध्येही. हे विकर ॲसिटिलीनही स्वीकारते आणि त्याचे इथिलीन करते, हे १९६६ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे दिसून आले. मग मुळांवरच्या गाठी बाटलीत बंद करायच्या, ॲसिटिलीन सोडायचे आणि तयार झालेले इथिलीन मोजायचे, अशी पद्धत रूढ झाली.

अडचण आहे ती इथिलीनवरून नत्राचा हिशेब मांडण्यात. ॲसिटिलीनचे इथिलीन व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागतात, नत्राच्या एका रेणूचा अमोनिया व्हायला सहा. म्हणून तीनने भागा, असे सांगितले गेले. पण नत्र घेताना हे विकर सोबत हायड्रोजनही सोडते आणि त्यात किमान दोन इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. ॲसिटिलीन भरपूर असले की हा हायड्रोजन जवळजवळ बंद होतो. त्या हिशेबाने भागायचे चारने. त्याच बाटलीतल्या त्याच इथिलीनला तीनने भागले, तर नत्र एक-तृतीयांशाने जास्त दिसते! शिवाय ॲसिटिलीन मिळताच अमोनिया बनणे थांबते आणि अनेक शेंगावर्गीय पिकांच्या गाठी काही मिनिटांतच मंदावतात, हे १९८३ मध्ये मिंचिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. बंद बाटलीत ही घसरण लक्षातही येत नाही. मॉलिब्डेनमऐवजी व्हॅनेडियम असलेले नायट्रोजनेज थोडे इथेनही बनवते, ते केवळ इथिलीन मोजणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही. मातीतली चूक उलट दिशेची असते. तिथे काही सूक्ष्मजीव मुळातच इथिलीन सोडतात आणि दुसरे ते वापरून टाकतात. ॲसिटिलीन या दुसऱ्यांना रोखते, इथिलीन साचते आणि त्याचे श्रेय नत्र स्थिरीकरणाला जाते. ॲसिटिलीन न घातलेली तुलनेची बाटलीही ही चूक पकडू शकत नाही, कारण तिच्यात इथिलीन वापरले जातच असते.

यावर रास्त आक्षेप असा, की ही चाचणी स्वस्त, झटपट आणि अतिशय संवेदनशील आहे. नत्र-१५ या समस्थानिकाने मोजायला खर्चिक मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो लहान प्रयोगशाळांनी आणायचा कुठून? म्हणूनच ही चाचणी टाकून द्या, असे मी म्हणत नाही. जिवाणूंचा एखादा वाण नत्र स्थिर करण्याच्या क्षमतेचा आहे का, हे पाहायला आणि शेकडो वाणांतून मोजके निवडायला ती उत्तम आहे. पण त्या मोजक्यांची खातरजमा तरी नत्र-१५ ने करावी. तेवढे नमुने मोठ्या संस्थेकडे पाठवता येतात. चूक सगळीकडे सारखीच असल्याने तुलना तरी खरी ठरते, हा युक्तिवादही टिकत नाही, कारण घसरण प्रत्येक पिकात आणि वाणात वेगळी असते.

सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर पैसे खर्चणारा शेतकरी अशा आकड्यावर विसंबून युरियाची गोणी कमी करतो. तेव्हा संशोधकांनी आणि जिवाणू खते विकणाऱ्यांनी प्रत्येक किलोच्या दाव्यासोबत मोजणीची पद्धत छापावी, आणि ती नसेल तर शेतकऱ्याने ती मागावी.