उंबरठ्यापासून विमानतळापर्यंत

रत्नागिरी तालुक्यातील एका खेड्यातून प्रस्तुत लेखकाचा भाचा गेल्या महिन्यात आखाती देशात नोकरीसाठी रवाना झाला. विमान पहाटे साडेचारचे होते. घरातून दुपारी दोनला निघालेली भाड्याची मोटार रात्री साडेअकराच्या सुमारास सहार येथील विमानतळाच्या दाराशी पोहोचली. कोठेही गाडी बदलायची नाही, सामान उचलायचे नाही, कोणाच्या दारी रात्र काढायची नाही. ‘‘दादा, आता तुझ्याकडे उतरायचं काही कारणच नाही, गाडी दारातून उचलते आणि थेट विमानतळावर सोडते,’’ असे बहिणीने फोनवर मोठ्या समाधानाने सांगितले होते. हे समाधान खोटे नव्हते. परंतु ते किती रुपयांना मिळाले, कोणत्या धोक्यासह मिळाले आणि ते विकत घेण्यावाचून या कुटुंबापुढे दुसरा मार्ग होता काय, हे प्रश्न एका भाच्यापुरते मर्यादित नाहीत. कोकणातील प्रत्येक तालुक्यातून असे तरुण बाहेर पडत असतात. म्हणून त्यांचा विचार जाहीरपणे होणे आवश्यक आहे.

प्रथम हिशेब पाहू. रत्नागिरी ते मुंबईचा विमानतळ हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. मोटारीचे भाडे मात्र जाऊन-येऊन सातशे किलोमीटरचे आकारले जाते, कारण परतीचे गिऱ्हाईक मिळेल याची मालकाला शाश्वती नसते. किलोमीटरला पंधरा रुपये दर धरला तरी साडेदहा हजार रुपये होतात. पथकर आणि चालकाचा भत्ता निराळा. गाडीत सहा माणसे असोत की एक, भाड्यात फरक पडत नाही. सहा जण असतील तर माणशी साडेसतराशे पडतात, एकटा असेल तर सगळा बोजा त्याच्या एकट्यावर येतो. दोन्ही वेळा गाडी भरलेली राहिली, तर हीच रक्कम माणशी नऊशेच्याही खाली येऊ शकेल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ‘अविभाज्य खर्च’ म्हणतात, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सांगायला क्वचितच सापडते. दुर्दैव इतकेच की हा खर्च ज्याच्या वाट्याला येतो त्याचा पहिला पगार अद्याप व्हायचा असतो आणि दलालाचे, वैद्यकीय तपासणीचे व कपड्यालत्त्याचे पैसे त्याने आधीच उसने घेतलेले असतात.

रेल्वे आहे, पण कोणासाठी?

येथे कोणी विचारील की, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावत असताना मोटारीचा हा खटाटोप कशासाठी? उत्तर आरक्षणाच्या नियमात आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. त्यापूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी तारीख ठाऊक असल्याने पहाटे उठून रांगेला लागतो. आखाती नोकरीचे तसे नसते. व्हिसा हाती पडतो आणि आठवड्याच्या आत निघण्याचा निरोप येतो. त्या वेळी गाडीत जागा उरलेली नसते. तत्काळचा जुगार एक दिवस आधी खेळायचा, आणि तो हरल्यास मोटारवाल्याकडेच जायचे. शिवाय वीरच्या पुढचा बहुतांश लोहमार्ग अद्याप एकेरी आहे. पावसाळ्यात वेग कमी ठेवावा लागतो आणि एक गाडी रखडली की मागच्या रखडतात. सर्वसामान्य प्रवाशाला दोन तासांचा उशीर म्हणजे दोन तासांचा मनस्ताप. विमान गाठायचे असलेल्याला तोच उशीर म्हणजे बुडालेले तिकीट आणि कदाचित बुडालेली नोकरी.

गरिबाची पॅसेंजर म्हणून ओळखली जाणारी रत्नागिरी-दादर गाडी पूर्वी थेट दादरपर्यंत येत असे. कोविडच्या साथीनंतर ती पुन्हा सुरू झाली ती दिव्यापर्यंतच. दिव्याच्या फलाटावर दोन बॅगा, एक खोके आणि भेदरलेला तरुण यांनी लोकलच्या गर्दीत शिरायचे, ही कल्पनाच पुरेशी आहे. रस्त्याने जावे तर मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत ‘पुढील गणपतीपूर्वी पूर्ण’ हे आश्वासन कोकणवासीयांनी इतक्या वेळा ऐकले की त्याचा आता कोणाला रागही येत नाही. चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये कोसळला. परशुराम घाटात पावसाळ्यात दरड केव्हा येईल याचा नेम नसतो. विमानाचे म्हणाल तर सिंधुदुर्गात चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, परंतु तेथील सेवेत सातत्य राहिले नाही. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाच्या उपयोगात आहे. गोव्याच्या सीमेवरील मोपा येथून जानेवारी २०२३ पासून विमाने उडतात. त्याचा लाभ सावंतवाडी-वेंगुर्ल्याला झाला. रत्नागिरी, संगमेश्वर, खेड येथील माणसाला मात्र मुंबईच गाठावी लागते.

तात्पर्य, दारापासून दारापर्यंतची मोटार ही या कुटुंबांची चैन नव्हे. तो त्यांनी उतरवलेला एक विमा आहे. सार्वजनिक व्यवस्थेवरील अविश्वासाचा हा हप्ता ते रोख भरतात.

फुकट वाटणारी खोली

हा हप्ता पूर्वी भरावा लागत नसे, असे आमच्या गिरगावातील जुनी मंडळी म्हणतील. तेव्हा गावाकडचा माणूस दोन दिवस आधीच येई. चाळीतील दोन खोल्यांत अंथरुणाला अंथरूण लावून जागा केली जाई. आमच्या घरी १९८०-९० च्या दशकांत दोरीने आवळलेल्या आणि ठळक अक्षरांत नाव रंगवलेल्या पेट्या पलंगाखाली नेहमीच असत. लालबाग-परळला एकेका गावाची म्हणून खोली असे. तेथे पाळीप्रमाणे झोपणारे गिरणी कामगार नव्या माणसाला चटई सरकवून देत. गोव्याच्या खलाशांसाठी धोबीतलाव-गिरगाव भागात गावोगावचे ‘कूड’ होते, कोकणी मुसलमानांचे जमातखाने होते. प्रवासी आणि जहाज, प्रवासी आणि विमान यांमधील एका रात्रीचे अंतर गावकीने अशा रीतीने सांधले होते.

परंतु ही व्यवस्था फुकट होती असे मानणे ही चूक ठरेल. तिची किंमत घरातील स्त्री मोजत असे. रात्री एक वाजता उठून भाकऱ्या बडवणारी, पाहुण्याच्या वाटचे पाणी पहाटे चारला भरणारी आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय मुडपून झोपणारी आमची आई कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत आली नाही. आज मोटारीचे भाडे त्या आकडेवारीत येते. म्हणून उत्पन्न वाढल्यासारखे दिसते. वस्तुतः जुनी सेवा मोडली आणि तिची जागा विकतच्या सेवेने घेतली, एवढेच घडले आहे.

ती मोडण्यालाही कारणे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्यांबरोबर गावाच्या खोल्याही हळूहळू गेल्या. चाळींच्या जागी मनोरे आले, माणसे विरार, डोंबिवली, दिवा अशी पसरली. आज गावाकडच्या माणसाला ज्याच्याकडे उतरायचे, तोच विमानतळापासून दोन तासांवर राहतो. अशा स्थितीत गावकीचे गोडवे गाऊन प्रश्न सुटणार नाही.

येथे एक विरोधाभास नमूद केला पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण झाली. गिरगाव आणि दादर या दोन्ही ठिकाणांहून आता विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपर्यंत गाडी न बदलता जाता येते. भाच्याला निरोप देण्यासाठी आम्ही गिरगावातून याच मेट्रोने गेलो. ज्याच्या घराजवळ हे स्थानक आहे त्याच्यासाठी विमानतळ जवळ आला, आणि ज्याच्या जिल्ह्यातून माणसे पोटासाठी बाहेर पडतात त्याच्यासाठी तो होता तेथेच राहिला. मेट्रोही रात्री उशिरा बंद होते. आखाताकडची अनेक विमाने नेमकी त्यानंतर सुटतात.

स्वस्त असलेली झोप

आता धोक्याविषयी. भाच्याच्या गाडीचा चालक त्याच दिवशी सकाळी मुंबईहून परतला होता. दोन घटका पडून तो पुन्हा चाकावर बसला. वडखळच्या अलीकडे त्याची मान पहिल्यांदा खाली गेली. पुढे बसलेल्या मेहुण्यांनी ते पाहिले आणि तेथून विमानतळापर्यंत ते त्याच्याशी अखंड बोलत राहिले : आंब्याचा मोहर, मुलांच्या शाळा, गाडीचे कर्ज. कर्जाचा हप्ता चुकू नये म्हणून तो सलग फेऱ्या मारत होता. मुलाला निरोप देण्यापूर्वीचे शेवटचे तीन तास बापाने असे परक्या माणसाला जागे ठेवण्यात घालवले.

यात चालकाला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या बाजारात परतीच्या फेरीची हमी नाही, तेथे चालकाची झोप ही सर्वांत स्वस्त वस्तू ठरते आणि तीच प्रथम विकली जाते. याहून गंभीर गोष्ट अशी की अशा कामाला लागलेल्या काही गाड्या पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी वापराच्या असतात. खासगी मोटारीची विमा पॉलिसी भाडोत्री वापराला लागू होत नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी कोणाचे दार ठोठवायचे हा प्रश्न उरतो. पिवळ्या पाटीच्या गाडीने तरी वेगवेगळ्या गावचे चार उतारू माणशी भाडे घेऊन नेले, तर करारावर चालणारे वाहन टप्पा-वाहतूक करते म्हणून ती नियमभंगाची धनी होते. म्हणजे प्रवाशाचा खर्च ज्या मार्गाने निम्म्यावर येऊ शकतो, तो मार्गच कायद्याने अडवलेला आहे.

तेव्हा काय करावे? खासगी मोटारींवर बंदी घाला, असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. ज्या वाडीवर रात्री एस. टी. जात नाही, ज्या घरात म्हातारी माणसे आहेत, तेथे दाराशी येणारी गाडी ही खरी सोय आहे, आणि कर्ज काढून गाडी घेणारा तरुणही त्याच कोकणातला आहे. परंतु ही सोय निवडीची असावी, नाइलाजाची नसावी.

त्यासाठी पहिली गोष्ट, राज्य परिवहन महामंडळाने रत्नागिरी, चिपळूण, खेड, महाड येथून विमानांच्या वेळा पाहून रात्रीच्या थेट विमानतळ-सेवा सुरू कराव्यात. कर्नाटकाच्या महामंडळाने बेंगळुरू विमानतळ ते म्हैसूर अशी ‘फ्लायबस’ २०१३ मध्येच सुरू केली. जे म्हैसूरला साधते ते रत्नागिरीला का साधू नये? मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.त निम्मे भाडे आहे. पण ज्या मार्गावर बसच नाही तेथे या सवलतीचा उपयोग शून्य. दुसरी गोष्ट, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. हा विमानतळ कोकणाच्या वाटेवर आहे आणि पनवेल हे कोकण रेल्वेच्या गाड्यांचे हक्काचे थांबण्याचे ठिकाण. पनवेल स्थानक ते विमानतळ अशी रात्रंदिवस चालणारी बस प्रत्येक गाडीला जोडून दिली, तर आखाताची जी विमाने तेथून सुटतील त्यांच्या प्रवाशांचा मुंबईतील वाहतुकीचा अनिश्चित भाग संपूर्ण वगळला जाईल. तिसरी गोष्ट, दारापासून दारापर्यंतच्या सामायिक प्रवासासाठी स्वतंत्र परवाना असावा. त्यात विमा, माणशी जाहीर दर आणि दोन फेऱ्यांमध्ये चालकाला सक्तीची विश्रांती या तीन अटी असाव्यात. यातील एकाही सूचनेसाठी नवा पूल वा बोगदा बांधावा लागणार नाही. वेळापत्रके एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची तसदी मात्र घ्यावी लागेल.

त्या रात्री भाचा काचेच्या दरवाजाआड गेला तेव्हा बारा वाजून गेले होते. मेट्रो बंद झाली होती. मेहुण्यांचा विचार लगेच परतीला निघण्याचा होता, कारण गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कोणाला तरी विमानतळावर आणणार होती. आम्ही हट्टाने सर्वांना गिरगावात आणले. बहीण आत झोपली, मेहुणे आणि आम्ही बोलत बसलो, आणि चालकाला चाळीच्या गॅलरीत चटई टाकून दिली. तो पाठ टेकताच झोपला आणि सहा वाजता हलवून उठवावे लागले. दारापासून दारापर्यंतच्या त्या प्रवासात जी एक गोष्ट भाड्यात धरलेली नव्हती ती त्याला अखेर जुन्याच पद्धतीने, कोणाच्या तरी दारी मिळाली. दर रात्री या महामार्गावरून धावणाऱ्या इतर चालकांना आणि त्यांच्या भरवशावर डोळे मिटणाऱ्या प्रवाशांना ती अशा योगायोगाने मिळावी, हे काही व्यवस्थेचे लक्षण नव्हे.