पाण्यावरचं विमान, व्हाया अंबरनाथ

शनिवारची दुपार अंबरनाथ एमआयडीसीत घालवायची, हा काही कुणाचा वीकेंड प्लॅन नसतो. मी गेले, कारण मैत्रिणीने गळ घातली. तिच्या पप्पांचा तिथे छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, पंपाचे शाफ्ट आणि बुश बनवायचं काम. आता वय झालं, गाळा भाड्याने द्यायचा ठरलंय. अडलंय फक्त एका पत्र्याच्या पेटीवर. ती भंगारात द्यायला काका तयार नाहीत आणि बदलापूरच्या वन बीएचकेत ती मावत नाही. "तू पत्रकार आहेस, तुझं ऐकतील," असं मैत्रिणीचं लॉजिक. (माझं तर संपादकही ऐकत नाहीत, पण जाऊ दे.)

पेटी उघडली तर आत विमानं! म्हणजे कात्रणं, झेरॉक्स आणि काकांनी स्वतः पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग्ज. सगळी एकाच जातीची. पोट होडीसारखं, चाकं दुमडून वर जाणारी, तळ्यावरही उतरणार आणि धावपट्टीवरही. इंग्रजीत अॅम्फिबियन, शाळेतल्या मराठीत उभयचर.

"बेडूक म्हण सरळ," काका म्हणाले.

काकांचा हिरो म्हणजे पर्सिव्हल स्पेन्सर नावाचा अमेरिकन. जन्म १८९७चा. मासिकातला नकाशा बघून पोरवयात ग्लायडर बनवला, पुढे आयुष्यभर हे बेडूकच बनवत राहिला. त्याच्याच डिझाइनवरून सीबी नावाचं चौघांचं विमान निघालं. दुसऱ्या महायुद्धात थंडरबोल्ट ही फायटर विमानं बनवणाऱ्या रिपब्लिक कंपनीने ते काढलं. युद्धावरून परतलेले वैमानिक मोटारीसारखी विमानं घेतील, असा हिशोब होता. तो सपशेल चुकला. १९४७मध्ये उत्पादन बंद झालं, तोवर १०६० विमानं बनली होती. स्पेन्सर मात्र थांबला नाही. घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी त्याने नवं डिझाइन केलं आणि ते १९७०मध्ये उडालं, तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. नव्वदीपर्यंत विमान चालवत होता म्हणे. आपल्याला तिशीच्या आधीच पाठदुखी!

"पण यात अवघड काय? होडीला पंख लावायचे," मी बोलून गेले.

काकांनी उत्तरच दिलं नाही. चहाचा चमचा घेतला, नळ सोडला आणि चमचा दांड्याला हलकेच धरून त्याची फुगीर बाजू धारेला टेकवली. मला वाटलं, चमचा बाहेर ढकलला जाईल. उलट तो आत ओढला गेला! "पाणी सोडत नाही. चिकटून धरतं. म्हणून विमानाच्या पोटाला मध्येच एक पायरी ठेवतात. तिथे हवा शिरते, पकड सुटते, मग विमान उठतं." इंजिन पंखांच्या वर चढवायचं, म्हणजे पंख्यावर तुषार उडत नाहीत. पण मग वरून जोर लागला की नाक खाली जायला बघतं. आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरणं. धावपट्टीवर चाकं काढायची विसरलात तर पोट खरवडतं, पाण्यावर आत घ्यायची विसरलात तर विमान उलटं होतं.

काकांना असं एक बनवून बारवी धरणावर उतरवायचं होतं. मग लग्न, गाळ्याचे हप्ते, मुलीचं इंजिनीअरिंग. बनला तो एकच भाग, चाक वर घ्यायची यंत्रणा. पेटीच्या तळाशी ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

फेब्रुवारी २०१६मध्ये कॅप्टन अमोल यादव यांचं विमान बीकेसीत मेक इन इंडियामध्ये ठेवलं होतं, ते बघायला काका खास गेले. कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान! ते पाण्यावरचं नव्हतं, पण गच्चीवरचं होतं. काका तासभर नुसते रिव्हेट बघत होते. त्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं आणि २०२०मध्ये ते धुळ्यात उडालं, ही कात्रणंही पेटीत आहेत. डिसेंबर २०१७मध्ये गिरगाव चौपाटीसमोर सीप्लेनची चाचणी झाली, तिचंही आहे. त्याआधी २०१४मध्ये जुहूहून ॲम्बी व्हॅलीला सीप्लेन सुरू झालं होतं, ते टिकलं नाही. त्या कात्रणावर काकांनी लाल पेनाने फक्त तारीख टाकलीय.

"हे बघ," म्हणत त्यांनी फडकं सोडलं आणि हँडल माझ्या हातात दिलं. मी फिरवलं. इतक्या वर्षांनी, कुरकुर न करता, चाक सावकाश वर गेलं आणि खट्कन बसलं. मैत्रीण दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही.

पेटी सध्या डोंबिवलीला, माझ्या गॅलरीत आहे. आई रोज विचारते, हे कधी हलवणार?