आकडी आणि आकडा

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वैद्यकशास्त्रातील वादांशी कर्तव्य नसते. त्यांचे प्रश्न दोनच असतात : माणूस वाचेल का, आणि वाचला तर पूर्वीसारखा होईल का? आकडी येऊन ती थांबेनाशी झालेल्या प्रौढ रुग्णाच्या बाबतीत या प्रश्नांचे खात्रीचे उत्तर देणे निष्णात मज्जातंतुतज्ज्ञालाही कठीण जाते. असे उत्तर रक्ताच्या एखाद्या साध्या तपासणीतून मिळू शकेल, अशी आशा गेल्या काही वर्षांत निर्माण झाली आहे. शरीरातील दाह दर्शविणारी रक्तातील द्रव्ये आणि पेशी मोजून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधता येतो, असे सुचविणारे अनेक अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. ही आशा निराधार नाही. परंतु आकडा हाती आला म्हणजे उत्तर हाती आले, असे मात्र नव्हे.

अपस्माराचा सर्वसाधारण झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. तो पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा रुग्ण शुद्धीवर न येताच एकामागून एक झटके येत राहिले, तर त्या अवस्थेला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५ मध्ये या अवस्थेची नवी व्याख्या केली. सर्वांगाला येणाऱ्या झटक्यांसाठी तीत दोन कालमर्यादा घातल्या आहेत : ५ मिनिटांनंतर उपचार सुरू झालेच पाहिजेत, आणि ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा पोहोचण्याचा धोका संभवतो. या कालमर्यादांमागे शरीराचे एक कटू सत्य आहे. मेंदूतील उत्तेजना आवरणाऱ्या ग्राहकांवर प्रथमोपचाराची औषधे काम करतात. पण झटका लांबत जातो तसतसे हे ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. जे औषध पहिल्या काही मिनिटांत लागू पडले असते, तेच तासाभराने निष्प्रभ ठरू शकते. पहिल्या औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांवर लेव्हेटिरासिटॅम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट या तीन औषधांची तुलना अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत करण्यात आली. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही औषधे सारखीच ठरली, आणि प्रत्येकाचा गुण आला तो जेमतेम निम्म्या रुग्णांना.

रक्तातील साक्ष

अशा रुग्णांच्या भवितव्याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न नवे नाहीत. त्यासाठी ‘स्टेस’ नावाची एक गुणपद्धती पूर्वीपासून वापरात आहे. रुग्णाचे वय, त्याची शुद्ध, झटक्याचा प्रकार आणि पूर्वी झटके आले होते की नाही, या चार गोष्टींवरून ती शून्य ते सहा गुण देते. कोण वाचेल हे ती बऱ्यापैकी सांगते. कोण दगावेल हे सांगताना मात्र ती वारंवार चुकते. ही उणीव रक्ततपासणीने भरून काढावी, असा संशोधकांचा हेतू आहे.

त्यामागील तर्क समजण्यास सोपा आहे. दीर्घकाळ चाललेल्या झटक्याने मेंदूतील पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात, मेंदू आणि रक्त यांच्यामधील तटबंदी सैल होते, आणि साऱ्या शरीरात धोक्याची घंटा वाजू लागते. इंटरल्यूकिन-६ या द्रव्याच्या प्रभावाने यकृत ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ अधिक प्रमाणात तयार करते आणि अल्ब्युमिन कमी. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. यातील बहुतेक मोजमापे नेहमीच्या तपासण्यांतूनच मिळतात, त्यांना महागडी यंत्रसामग्री लागत नाही. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर किंवा सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचे प्रमाण दाखल होताना जास्त असलेले आणि अल्ब्युमिन कमी असलेले रुग्ण पुढे अधिक संख्येने दगावले अथवा अपंग झाले, असे काही रुग्णालयांतील नोंदींवरून दिसून आले आहे.

तथापि दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत अंतर आहे. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लागला, तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. योगायोग असा की, दीर्घ झटक्यात बेशुद्ध असलेल्या माणसाच्या फुप्फुसात लाळ किंवा उलटी जाऊन न्यूमोनिया होणे ही नित्याची गुंतागुंत आहे. मेंदूज्वराने झटके आले असतील, तर दाहाचा आकडा मुळात त्या जंतुसंसर्गाचा असतो. आणि निव्वळ झटक्याच्या श्रमाने व ॲड्रेनलिनच्या स्रावानेही पांढऱ्या पेशी काही काळ वाढतात. मग वाढलेला आकडा नेमकी कशाची साक्ष देतो : मेंदूच्या इजेची, फुप्फुसातील जंतूंची, की रक्त काढण्याच्या वेळेची? शिवाय यांतील बरेचसे अभ्यास एकेका रुग्णालयातील जुन्या नोंदी चाळून झालेले आहेत. ज्या रुग्णांवरून धोक्याची रेषा आखली, त्याच रुग्णांवर ती पारखली, तर ती अचूक भासणारच. खरी परीक्षा दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या रुग्णांवर असते.

साधे गणित

एवढ्यावरही तपासणी चांगली आहे असे गृहीत धरू, आणि उदाहरणादाखल शंभर रुग्ण घेऊ. त्यांतील २० जण दगावणार आहेत आणि ८० वाचणार आहेत. तपासणी दोन्ही गटांत चारांपैकी तिघांच्या बाबतीत बरोबर ठरते. म्हणजे दगावणाऱ्या २० पैकी १५ जणांना ती धोक्याच्या यादीत घालील. पण वाचणाऱ्या ८० पैकी २० जणांनाही त्याच यादीत घालील. धोक्याच्या यादीतील ३५ जणांपैकी २० जण, म्हणजे निम्म्याहून अधिक, प्रत्यक्षात वाचणारे असतील. उलटपक्षी, यादीबाहेर राहिलेल्या ६५ पैकी ६० जण वाचतील. तात्पर्य, अशी तपासणी दिलासा देण्यास बऱ्यापैकी उपयोगी आहे; निराशेचा निकाल देण्यास ती अपुरी आहे.

हा फरक पुस्तकी नाही. जिथे अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या आहेत आणि उपचारांचा खर्च दागिने मोडून वा जमीन गहाण टाकून भागवावा लागतो, तिथे भवितव्याचा अंदाज हा आपोआप आर्थिक निर्णय बनतो. ‘आकडा वाईट आहे’ हे शब्द कानी पडताच कुटुंब रुग्णाला घरी नेण्याचा विचार करू लागते. घरी नेलेला रुग्ण दगावतो, आणि अंदाज खरा ठरल्याची नोंद होते. अंदाजामुळे उपचार थांबले आणि उपचार थांबल्यामुळे अंदाज खरा ठरला, हे त्या नोंदीत कुठेच दिसत नाही. पुढचा अभ्यासक ती नोंद पुरावा म्हणून वापरतो, आणि चूक शास्त्राच्या वेषात मिरवू लागते.

म्हणून या तपासण्या टाकाऊ ठरवाव्यात, असा याचा अर्थ नव्हे. वाढलेला आकडा डॉक्टरांना जंतुसंसर्गाचा कसून शोध घेण्यास, रुग्णावर अधिक बारीक लक्ष ठेवण्यास भाग पाडत असेल, तर तो आकडा रुग्णाच्या उपयोगी पडला. अधिक काळजी घेण्यासाठी त्याचा आधार जरूर घ्यावा. काळजी आवरती घेण्यासाठी घेऊ नये.

पहिली पाच मिनिटे

रुग्णाचे भवितव्य ठरवणारी दोन कारणे रक्ततपासणीच्या आधीच घडून गेलेली असतात : झटका कशामुळे आला, आणि उपचार किती लवकर सुरू झाले. यांपैकी दुसरे पुष्कळसे माणसाच्या हातात आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी स्नायूत मिडाझोलामचे इंजेक्शन दिले, तेव्हा ७३ टक्के रुग्णांचे झटके रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबलेले होते. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, एवढाच काय तो फरक. नाकात फवारण्याचे मिडाझोलाम भारतातही मिळते. पण किती घरांना ते ठाऊक आहे? कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात किल्ल्या कोंबणे यांतच मोलाची मिनिटे वाया जातात. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटे उलटण्याची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवावी, एवढे शिक्षण शाळा-कचेऱ्यांतून सहज देता येईल.

नेहमीची गोळी बंद पडणे हे दीर्घ झटक्याचे एक ठळक कारण आहे. गोळी बंद पडते ती कधी आरोग्य केंद्रातील साठा संपल्यामुळे, तर कधी आजार लपविण्याच्या धडपडीत. हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारासंबंधीची अट १९९९ च्या दुरुस्तीने गेली. लोकांच्या मनातील अट अद्याप गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व उपचार मिळाल्यास अपस्माराच्या १०० पैकी ७० रुग्णांना झटक्यांविना जगता येईल. हा आकडा कोणत्याही रक्ततपासणीत उमटत नाही. तो प्रत्यक्षात उतरण्यासाठी गोळ्यांचा अखंड पुरवठा लागतो आणि आजाराचे नाव उघडपणे घेण्याचे धैर्य लागते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसण्याची पाळी पुष्कळ कुटुंबांवर त्यामुळेच टळू शकेल.