वडापावच्या गाडीआधीची पंधरा मिनिटे

संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान बदलापूर स्थानकाच्या पुलावरून उतरणारी गर्दी पाहिली तर रिक्षाच्या रांगेकडे जाण्याआधी बरीच पावले वडापाव, भजी नाहीतर चायनीजच्या गाडीकडे वळताना दिसतात. अंबरनाथला तेच, उल्हासनगरलाही तेच. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. डबा दुपारी एकला खाल्लेला, त्यानंतर दीड तासाचा प्रवास, तोही बहुधा उभ्याने. भूक लागणारच. पण ती सगळी पोटाची असते का?

मेंदूत एक बक्षीस यंत्रणा असते आणि डोपामाइन हे तिचे महत्त्वाचे रसायन. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी दाखवून दिले की एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीशी वाटणे, ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. डोपामाइनचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी, म्हणजे ओढीशी. म्हणून तळणीचा वास आला की वडा हातात येण्याआधीच ओढ सुरू होते, आणि खाऊन झाल्यावर ‘आज काही खास नव्हता’ असेही वाटते. त्यात झोप कमी. शिकागोतील संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, तृप्तीचा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, आणि ओढ सर्वाधिक वाढली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला हे प्रयोगशाळेत जाऊन सिद्ध करायची गरज नाही.

व्यायामाबद्दलचा आपला हिशेब मात्र अजून कॅलरीचाच आहे. एका वडापावात ढोबळमानाने ३०० कॅलरी, अर्धा तास चालण्यात जळतात जेमतेम सव्वाशे-दीडशे. या गणितात माणूस हरणारच. ‘दोन महिने चालतोय, काटा हलत नाही’ ही तक्रार सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत रोजची आहे, आणि त्या निराशेतच चालणे सुटते. शिवाय हालचाल वाढली की भूकही वाढेल, अशी भीती असतेच. बंगालमधल्या एका ताग गिरणीत जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उलटेच दिसले. कष्टाच्या कामगारांचा आहार कामाच्या प्रमाणात होता. पण बैठे काम करणारे हलकी हालचाल करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. पाहणी एकाच गिरणीतली, त्यामुळे तिच्यावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. तरी पूर्वी यंत्रावर उभा राहणारा आणि आता पडद्यासमोर बसणारा अंबरनाथ एमआयडीसीतला कामगार तिच्यात स्वतःला ओळखेल.

दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर घ्रेलिन काही काळ खाली जाते आणि जीएलपी-१ सारखी तृप्तीची संप्रेरके वाढतात. हल्ली गाजणारी वजन कमी करण्याची इंजेक्शने याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. साध्या चालण्याने संप्रेरकांत एवढा फरक पडत नाही. तिथे परिणाम दिसतो तो ओढीवर. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या प्रयोगात रोज चॉकलेट खाणाऱ्या ७८ जणांपैकी काहींना कामाला बसण्याआधी १५ मिनिटे भरभर चालायला लावले. समोर चॉकलेटची वाटी होती. चाललेल्यांनी ते जवळपास निम्मेच खाल्ले. पुढे ऑस्ट्रियात जास्त वजनाच्या लोकांवरही प्रयोग झाला. तिथेही गोड खाण्याची ओढ कमी झालेली आढळली. चॉकलेट म्हणजे वडा नव्हे, हे खरे. पण ओढ निर्माण करणारा मेंदू तोच.

म्हणजे चालायचे ते गाडीवर थांबण्याआधी. नंतर चालून कॅलरी फेडू म्हटले की गणित पुन्हा बिघडते. ‘आज चाललोय, आता एक चालेल’ हा विचार तर फारच महागात पडतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन गटांना एकाच रस्त्याने चालवले. एकाला सांगितले हा व्यायाम आहे, दुसऱ्याला सांगितले ही निसर्गात फेरी आहे. व्यायामवाल्यांनी नंतर गोड जास्त खाल्ले. रविवारी सकाळी चालून आल्यावर मिसळीवर तुटून पडणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

एक खबरदारी. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी सहा-सात तासांच्या उपाशीपोटी भरभर चालू नये. त्यांनी गाडीतच मूठभर फुटाणे खावेत, आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

राहिला प्रश्न, चालायचे कुठे? स्थानकाबाहेर पाऊल टाकले की रिक्षा, दुचाक्या आणि खोदकाम यांतून वाट काढावी लागते. ‘रोज चाला’ असे लिहून देणे डॉक्टरला सोपे असते. पदपथ मोकळा ठेवणे आणि दिवे लावणे हे महापालिका व नगरपालिकांचे काम आहे. स्थानकापासून किलोमीटर-दीड किलोमीटर नीट चालता आले तर पंधरा-वीस मिनिटे तिथेच भरतात. नोकरीवरून परतून लगेच स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईकडे वेगळा वेळ नसतोच. तेवढी मिनिटे ती आज रिक्षाच्या रांगेत उभी असते, गाड्यांवरच्या तळणीचा वास घेत.