मनांतला झगडा

प्रभूनें आपल्या शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत ‘परीक्षा’ असा एक शब्द आहे. आमच्या पांचवीच्या वर्गांतील एका चिमुकल्या विद्यार्थ्यानें एकदां मोठ्या आशेनें आम्हांस विचारिलें, “सर, ही प्रार्थना रोज केली तर वार्षिक परीक्षा टळेल काय?” वर्गांत हंशा पिकला, आणि आम्हांसहि हसूं आवरलें नाहीं. परंतु त्या बालकाच्या प्रश्नांत एक मर्म आहे. मूळ ग्रीक भाषेंतील ज्या शब्दासाठीं मराठींत ‘परीक्षा’ हा शब्द योजिला आहे, त्याचे दोन अर्थ होतात: कसोटी आणि मोह. मोह ही मनुष्याच्या अंतःकरणाची कसोटीच होय. आणि परीक्षेस बसणें व परीक्षेंत नापास होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. हें साधें सत्य आपण घरीं आणि शाळेंत विसरतों, व त्यामुळें कित्येक कोंवळीं मनें विनाकारण खचून जातात, असें आमचें मत आहे.

गेल्या वर्षीं एके सायंकाळीं वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी आमच्याकडे आला. मुलगा सालस, अभ्यासू, उपासनेस न चुकतां येणारा. खालीं मान घालून तो म्हणाला, “सर, मी उद्यांपासून प्रार्थनेला येणार नाहीं.” कारण विचारतां त्यानें सांगितलें, कीं सहामाही परीक्षेंत पुढच्या बांकावरील मुलाची उत्तरपत्रिका त्यास स्पष्ट दिसत होती. एक उत्तर उतरून घ्यावें, असें त्यास पुनःपुन्हां वाटलें होतें. पुढें तोच मुलगा वर्गांत पहिला आला, तेव्हां त्याचें कांहीं तरी वाईट व्हावें, असाहि विचार याच्या मनांत येऊन गेला. “असलें मन घेऊन देवापुढें उभें राहणें म्हणजे ढोंग नव्हे का, सर?”

आमच्यापुढें त्या वेळीं तपासावयाच्या वह्यांचा ढीग होता. “चांगल्या घरांतील मुलाच्या मनांत असे विचार येतां कामा नयेत,” एवढें बोलून आम्हीं त्याची बोळवण केली. तो निमूटपणें निघून गेला. परंतु त्या रात्रीं आमच्याच शब्दांनीं आमची झोंप उडविली. त्यानें तें उत्तर उतरून घेतलें होतें काय? नाहीं. मोह झाला असतांहि त्यानें आपली नजर आवरली होती. म्हणजे तो जिंकून आला होता, आणि आम्हीं त्यास पराभूत ठरवून परत पाठविलें होतें!

मोह होणें हेंच पाप असतें, तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय लिहिलाच गेला नसता. प्रभु येशू अरण्यांत चाळीस दिवस उपाशी होता, आणि तेथें सैतानानें त्याची तीन वेळां परीक्षा पाहिली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक तर स्पष्ट सांगतो, कीं आपल्यासारखीच सर्व प्रकारें त्याची परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. भुकेल्या मनुष्यास भाकरीची इच्छा होणें यांत दोष नव्हता. त्या इच्छेस पित्याच्या इच्छेहून वरचें स्थान देण्यांत दोष झाला असता, आणि तें स्थान त्यानें दिलें नाहीं.

याकोबानें आपल्या पत्रांत या मार्गाच्या पायऱ्याच दाखविल्या आहेत. प्रथम वासना मनुष्यास ओढते, मग ती गर्भवती होऊन पापास जन्म देते, आणि पाप वाढून त्याचा शेवट मृत्यूंत होतो. वासना व पाप यांच्यामध्यें त्यानें अंतर राखिलें आहे, हें लक्षांत घ्यावें. तें अंतर कधीं कधीं क्षणभराचेंच असतें. परंतु मनुष्याचा सारा झगडा तेवढ्याच जागेंत चालतो.

येथें कोणी विचारील, “डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें मनांतील रागालाहि दोषी ठरविलें आहे, त्याचें काय?” प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर आपल्याकडील कोणताहि शेतकरी देईल. पहिला पाऊस पडला कीं पिकाबरोबर तणहि उगवतें. तण उगवलें म्हणून शेतकऱ्यास कोणी आळशी म्हणत नाहीं. उगवलेलें तण ज्यानें वाढूं दिलें, निंदणी-खुरपणी केली नाहीं, त्यास लोक नांवें ठेवितात. विचार आला, हें तणाचें उगवणें होय. त्यास मनांत ठाव देणें, रात्रीं अंथरुणावर पडून त्याला गोंजारणें, त्यास पाणी घालणें, हा मात्र आपला अपराध होय. राग असा जोपासला म्हणजे त्याचा द्वेष होतो, आणि त्याविषयींच प्रभूचा इशारा आहे.

जॉन बन्यन या इंग्रज धर्मोपदेशकास हा झगडा स्वानुभवानें ठाऊक होता. ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार आपल्या मनास बराच काळ कसा छळीत होता, याची कबुली त्यानें १६६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तांत दिली आहे. पुढें १६७८ सालीं त्याचें जें जगप्रसिद्ध पुस्तक निघालें, त्याचें मराठी रूपांतर हरि केशवजी यांनीं ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें १८४१ सालीं केलें. त्यांतील यात्रेकरू मृत्युछायेच्या खोऱ्यांतून अंधारांत चालला असतां एक दुष्ट आत्मा हळूच मागून येतो, आणि त्याच्या कानांत देवाची निंदा कुजबुजतो. बिचाऱ्या यात्रेकरूस वाटतें, कीं हे शब्द आपल्याच अंतःकरणांतून निघाले! वाटेंतील इतर कोणत्याहि संकटापेक्षां त्यास याचेंच दुःख अधिक होतें. आमच्या विद्यार्थ्याची गत अगदीं अशीच झाली होती. जे विचार त्यास नकोसे होते, तेच आपलें खरें स्वरूप, असें तो समजून बसला होता.

मग झगडावें कसें? प्रभूनें अरण्यांत दिलेलीं तिन्ही उत्तरें अनुवाद या पुस्तकांतील आहेत. नवें उत्तर शोधण्यास तो थांबला नाहीं. पूर्वीं हृदयांत सांठविलेलें वचन ऐन वेळीं त्याच्या मुखीं आलें. शाळेंत वचनें पाठ करण्याचा कंटाळा करणाऱ्या बालमित्रांनीं हें ध्यानांत ठेवावें. परंतु नुसतें पाठांतरहि पुरेसें नाहीं. कारण त्याच प्रसंगीं सैतानानेंहि स्तोत्रसंहितेंतील वचन म्हणून दाखविलें होतें! वचन मुखीं असावें, आणि तें पाळण्याची इच्छा मनीं असावी.

दुसरी गोष्ट ही, कीं कांहीं मोहांशीं वाद घालीत बसूं नये. योसेफानें पोटीफराच्या बायकोपुढें प्रवचन लांबविलें नाहीं. अंगावरील वस्त्र तिच्या हातीं सोडून तो पळाला. तें पळणें भित्रेपणाचें नव्हतें. ज्या संगतींत आपला पाय घसरतो, ती संगत सोडून उठून जाणें, हाच पुष्कळदां विजयाचा मार्ग असतो.

तिसरी गोष्ट, एकट्यानें झगडूं नये. गेथशेमाने बागेंत प्रभूचा जीव व्याकुळ झाला, तेव्हां त्यानें पेत्र, याकोब व योहान यांस जवळ बोलावून आपल्याबरोबर जागे राहण्यास सांगितलें. प्रभूस सोबत्यांची गरज वाटली, तर ती आपणांस वाटण्यांत लाज कसली?

आणि जो खरोखरच पडला, त्यानेंहि निराश होऊं नये. पेत्रानें प्रभूस तीन वेळां नाकारिलें, आणि पुढें त्याच पेत्राच्या हातीं प्रभूनें आपलीं मेंढरें सोपविलीं.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शिकतात, आणि षड्रिपूंची नांवें कोणत्याहि मराठी घराला नवीं नाहींत. तेव्हां ही विनंति सर्वांसच आहे. मूल जेव्हां आपण होऊन मनांतील वाईट विचार बोलून दाखवितें, तेव्हां तें आपल्या शत्रूस उजेडांत ओढून आणीत असतें. त्या क्षणीं हात उगारला, किंवा “हेंच शिकलास काय?” म्हणून हिणविलें, तर मूल मोह सोडीत नाहीं, केवळ सांगणें सोडतें. चुकलेल्यास सौम्यपणें ताळ्यावर आणा, आणि तसें करितांना स्वतःकडेहि लक्ष ठेवा, असा पौलाचा गलतीकरांस उपदेश आहे. जो नुसता झगडतो आहे व अद्यापि चुकलेलाहि नाहीं, त्याच्याशीं तर आपण किती अधिक सौम्य असावें!

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतलें. प्रथम त्याची क्षमा मागितली. मग त्यास सांगितलें, “बाळ, दुसऱ्याची स्तुति झाली म्हणजे आमच्याहि मनांत मत्सर डोकें वर काढतो. त्याला रोज खुरपून काढावा लागतो.” तो आमच्याकडे पाहतच राहिला. “सर, तुमच्याहि मनांत?” एवढेंच तो म्हणाला, परंतु त्याच्या मनावरचा भार उतरल्याचें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलें. त्या सायंकाळीं तो प्रार्थनेस आला, आणि शेवटच्या रांगेंत बसला.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, मनांत झगडा चालू आहे म्हणून देवापुढून उठून जाऊं नका. जो शत्रूस शरण गेला, त्यास झगडावें लागत नाहीं. तुम्ही झगडतां आहां, याचा अर्थच असा, कीं तुम्हीं अद्यापि शरणागति पत्करलेली नाहीं.