लोहाराची भट्टी केवढी असावी?

भाता, ऐरण आणि घण ही लोहाराची साधने तुम्हांला ठाऊक आहेतच. आता काही ठिकाणी कोळशाच्या जागी गॅसची भट्टी आली आहे. ती घेताना ‘मोठीच घ्या, पुढेमागे उपयोगी पडेल,’ असा सल्ला सहज दिला जातो. आमच्या मते हा सल्ला एकट्या कारागिराला कर्जात लोटणारा आहे. कसा, ते हिशेबानेच पाहू.

घडाईसाठी लोखंड सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यासाठी एक किलो लोखंडाला साधारण २०० किलोकॅलरी उष्णता पुरते. एक किलो गॅस जळला की सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे अर्ध्या किलोच्या विळ्याला जेमतेम ९ ग्रॅम गॅस पुरायला हवा! प्रत्यक्षात कितीतरी पट लागतो. मग उरलेली उष्णता जाते कोठे? निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतून बाहेर पडणारे तप्त वायूच घेऊन जातात. काही भिंतींवाटे जाते. भट्टीत लोखंड असो वा नसो, ही गळती चालूच असते.

समजा, मोठी भट्टी तासाला २ किलो आणि लहान भट्टी अर्धा किलो गॅस जाळते. मोठीत तासाला ४० तुकडे तापवले तर तुकड्यामागे ५० ग्रॅम गॅस पडतो. लहानीत ५ तापवले तर १०० ग्रॅम. येथे मोठी स्वस्त ठरली. पण मोठीतही ५ च तापवले, तर ४०० ग्रॅम! १९ किलोचा सिलिंडर साडेनऊ तासांत संपेल आणि पुरते ५० तुकडेही हाती येणार नाहीत.

मग ४० तुकडे का टाकू नयेत? कारण ऐरणीवर हात दोनच असतात. आगीत ताटकळलेल्या लोखंडावर खपली धरते, पोलादातला कार्बन घटतो आणि धार टिकत नाही. शिवाय एकाच सिलिंडरमधून भराभर गॅस ओढला, तर बाष्पीभवनाने सिलिंडर गार पडतो, त्यावर दव किंवा हिमही जमते आणि दाब उतरतो.

मोठी भट्टी निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. लांब सळई एकसारखी तापवायची असेल, रुंद फाळ घडवायचा असेल किंवा यांत्रिक घणाखाली एकाच मापाचा पुष्कळ माल काढायचा असेल, तर तिला तोड नाही. म्हणून आम्हांला वाटते की, रोजच्या विळ्या-कोयत्यांसाठी प्रत्येकाची लहान भट्टी असावी आणि मोठी भट्टी पाच-दहा कारागिरांनी सहकाराने चालवावी. काम साठवून ठरलेल्या दिवशी ती भरून पेटवावी. जागा मात्र हवेशीर हवी. कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साचतो आणि अपुऱ्या ज्वलनातून विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी ऐरण पाहून भट्टी निवडावी. जवळच्या लोहारशाळेत शिक्षकांसह जा. तासाला किती इंधन जळते आणि किती तुकडे घडतात, ते मोजा. भागाकार तुम्हांला येतोच. तो त्या कारागिरालाही करून दाखवा.